गुडघेदुखी असलेल्या आईसोबत इन्सब्रुकमध्ये शनिवार-रविवार

आल्प्स दाखवायचे म्हटलं की आपल्याकडचे पाहुणे स्वित्झर्लंडचंच नाव काढतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई माझ्याकडे म्युनिकला आली, तेव्हा मी मात्र ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक ठरवलं. कारण तिचे गुडघे. आईचं सगळं आयुष्य वाईत गेलं. पांडवगड, वैराटगड, कमळगड तिला पाठ. शाळेत विज्ञान शिकवायची आणि सहल गडावर निघाली की मुलांच्या पुढे चालायची. गेली काही वर्षं जिना चढतानाही तिला कठडा धरावा लागतो. "मी आपली खालूनच बघेन गं डोंगर, तू वर जाऊन ये," असं निघायच्या आधीच तिने सांगून टाकलं होतं. मला ते नको होतं. तिला वर न्यायचं होतं, आणि तेसुद्धा भाड्याच्या गाडीत बसवून, वळणावळणाच्या रस्त्याने मळमळत नव्हे. गावातली माणसं जशी जातात तसं, तिकीट काढून, निवांत. हे जमेल असं मला माहीत असलेलं सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे इन्सब्रुक.

शुक्रवारी ऑफिसातून जरा लवकर निघाले. म्युनिकहून थेट गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. कुफश्टाइनला ऑस्ट्रिया सुरू होतो आणि तिथून पुढे रूळ इन नदीच्या खोऱ्यातून जातात. नदीचं पाणी राखाडी झाक असलेलं हिरवट दिसतं, कारण वरच्या हिमनद्या दगड घासून त्याची जी भुकटी करतात ती पाण्यातून वाहत येते. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "माती नाही ही, पीठ आहे दगडाचं," असं तिनेच मला समजावलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण तिच्यातली बाई अजून वर्गातच असते.

स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिल्या चौकातच आई थांबली. रस्त्याच्या टोकाला इमारती संपतात आणि तिथेच डोंगराची भिंत उभी राहते. मध्ये मोकळं रान नाही, टेकड्या नाहीत. शहर समुद्रसपाटीपासून 574 मीटरवर, आणि उत्तरेची नॉर्डकेटे ही रांग 2,300 मीटरच्याही वर. म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर उंचीचा कडा सव्वा लाखाहून जास्त वस्तीच्या शहराला खेटून उभा आहे. "अगं, हा रस्ता डोंगरात घुसतोय की काय!" आई म्हणाली. माझ्या मनातही पहिल्यांदा आले तेव्हा हेच आलं होतं.

आम्ही उतरलो होतो ते घर इनच्या पलीकडच्या काठावर, मारियाहिल्फ भागात. पुलावरून दिसणारी गुलाबी, पिवळी, निळसर घरांची ओळ फोटोंमध्ये असते, ती इथलीच. घरमालकीण आजींनी किल्ली देताना नकाशा वगैरे काही दाखवला नाही, एवढंच सांगितलं: "वर जायचं असेल तर उद्याच जा. रविवारी फ्योन येतोय." फ्योन म्हणजे दक्षिणेकडून येणारा इथला वारा. आजींच्या त्या एका वाक्याने आमचा सगळा बेत ठरला. मी शनिवारी शहर आणि रविवारी डोंगर असं योजलं होतं, ते आम्ही उलटं केलं. डोंगराजवळच्या गावात स्थानिक माणूस हवेबद्दल बोलला तर ऐकावं, हे आईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी काँग्रेस नावाच्या स्टेशनवर गेलो. जुन्या शहरापासून हे चालत पाच-सात मिनिटांवर आहे, आणि थेट डोंगराच्या माथ्यापर्यंतचा प्रवास इथे जमिनीखालून सुरू होतो. पहिला टप्पा हुंगरबुर्गबान. ही 2007 साली सुरू झालेली दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे. आईने डबा पाहिला आणि म्हणाली, "हे वणीला आहे तेच की! सप्तशृंगीच्या गडावरची ट्रॉली." अगदी तेच, फ्युनिक्युलर. फरक एवढाच की ही भुयारातून निघते, पुलावरून इन ओलांडते आणि मग चढाला लागते. उतार सारखा बदलत असल्याने प्रत्येक डबा आपल्या चौकटीत हळूहळू कलतो आणि पायाखालची जमीन सपाटच राहते. आईच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे मी बघत होते. बाहेरची झाडं तिरकी झाली, घरं तिरकी झाली, बाटलीतलं पाणी मात्र काठाशी समांतर. आईचंही लक्ष तिकडेच होतं.

स्टेशनांची छपरं झाहा हदीद या वास्तुरचनाकार बाईंची आहेत. पांढरट काचेची, वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फासारखी वळणं घेतलेली. वर हुंगरबुर्गला, 860 मीटरवर, गाडी बदलायची आणि नॉर्डकेटेच्या रोपवेत बसायचं. हा रोपवे 1928 चा. फ्रान्झ बाउमान यांनी बांधलेली त्याची स्थानकं आज वारसा म्हणून जपली आहेत. मला ही जुनी स्थानकं हदीद यांच्या छपरांपेक्षा जास्त आवडतात. वरच्या स्थानकांच्या भिंती डोंगराच्या उताराशी इतक्या जुळवून घेतल्या आहेत की लांबून त्या कड्याचाच भाग वाटतात. आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: 1928 साली माथ्यापर्यंत माणसं न्यायची ठरली, तेव्हा या शहराने वर डांबरी रस्ता नेला नाही. दोर नेला. त्यामुळे आजही वर गाड्यांच्या रांगा नाहीत, हॉर्न नाहीत, पार्किंगसाठी फोडलेला कडा नाही.

झेग्रुबे या मधल्या स्थानकावर, 1,905 मीटरवर, आम्ही मुद्दाम तासभर थांबलो. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, एकदम वर नेऊन तिला धाप लागायला नको होती. उन्हात आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांवर आमच्यासारखे पाहुणे थोडेच होते. गावातली म्हातारी जोडपी वर्तमानपत्र घेऊन आलेली, एक बाई स्वेटर विणत बसलेली, दोन मुलं गृहपाठाची वही उघडून बसलेली. एक आजोबा काठी टेकत आले, आईला बघून "ग्र्युस गॉट" म्हणाले, आईने हात जोडून नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले. थोड्या वेळाने आई मला म्हणाली, "यांना गुडघे नाहीत का गं? सगळे माझ्याच वयाचे दिसतात." मी तिला सांगितलं की आहेत, पण इथे डोंगर गाठायला गुडघे लागत नाहीत. हिवाळ्यात ऑफिस सुटल्यावर किंवा कॉलेजचा तास चुकवून पोरं पाठीवर स्की बांधून याच रोपवेने वर येतात. उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात. गावाला डोंगर असा रोजच्या वापरात ठेवता येतो, हे मला या शहराने दाखवलं.

शेवटचा टप्पा हाफेलेकार. वरचं स्थानक 2,256 मीटरवर, आणि तिथून शिखर पायवाटेने दहा-पंधरा मिनिटांवर, 2,334 मीटरला. शिखरापर्यंत आई आली नाही, मीही गेले नाही. स्थानकाबाहेरच्या सपाटीवरून दोन्ही बाजू दिसतात, आणि खरी गंमत तीच आहे. दक्षिणेला पायांखाली अख्खं शहर: विमानतळाची धावपट्टी, नदी, चर्चचे घुमट. एक विमान उतरायला आलं ते आमच्या डोळ्यांच्या खालून गेलं. आईने माझा दंड घट्ट धरला आणि ते टेकेपर्यंत सोडला नाही. मग आम्ही मागे वळलो. उत्तरेला कारवेंडेल. राखाडी दगडाच्या एकामागे एक रांगा, मध्ये खोल दऱ्या, आणि आम्ही उभ्या होतो तिथून एकही घर नाही, एकही रस्ता नाही. हे संरक्षित निसर्गउद्यान सातशे चौरस किलोमीटरांहून मोठं आहे. एका बाजूला ट्रामच्या तारा आणि दुसऱ्या बाजूला हे, आणि मध्ये फक्त पाच पावलं रुंदीची धार.

आईने खाली वाकून दगड उचलला. वाकताना कुरकुरली, पण उचलला. "आपला दगड काळा. हा बघ, पांढरा. चुनखडी." आपला सह्याद्री लाव्ह्याचा, हे डोंगर समुद्राच्या तळाशी साठलेल्या चुन्याचे. म्हणून माथ्यावर पाणी थांबत नाही, भेगांमधून आत झिरपतं आणि खूप खाली झऱ्यांतून बाहेर येतं. इन्सब्रुकचं पिण्याचं पाणी बहुतेक याच डोंगराच्या पोटातून, म्यूलाऊच्या झऱ्यांमधून येतं. संध्याकाळी जुन्या शहरातल्या कारंज्यावर बाटली भरताना आईने तो दगड खिशातून काढून नळाखाली धरला, धुतला आणि रुमालात बांधून ठेवला.

वरच्या स्थानकाजवळच एक लहानशी संशोधन-कुटी आहे. तिची गोष्ट मी आईसाठी राखून ठेवली होती. 1912 साली व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरच्याही वर गेले आणि त्यांनी दाखवलं की जसजसं वर जावं तसतसं किरणोत्सर्गाचं प्रमाण वाढतं, म्हणजे तो जमिनीतून येत नाही, बाहेरच्या अवकाशातून येतो. तेच वैश्विक किरण. पुढे ते इन्सब्रुकला प्राध्यापक झाले आणि 1931 मध्ये त्यांनी इथे, हाफेलेकारला, या किरणांच्या मोजणीचं केंद्र उभारलं. रोपवे आयताच होता, उपकरणं वर नेता येत होती. 1936 ला त्यांना नोबेल मिळालं. 1937 मध्ये मारिएटा ब्लाऊ आणि हेर्टा वाम्बाखर या दोघींनी इथे कित्येक महिने ठेवलेल्या फोटोच्या काचांवर ताऱ्यासारख्या खुणा उमटल्या. एका बिंदूतून फुटून निघालेल्या रेषा. वैश्विक किरणाने अणूचं केंद्रक फोडल्याचा तो पुरावा होता. पुढच्याच वर्षी नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. ब्लाऊ ज्यू, त्यांना देश सोडावा लागला. हेसनाही जावं लागलं.

आई ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "आपल्या बिभा चौधुरींनीही असंच केलं होतं, दार्जिलिंगला काचा ठेवून." बरोबर होतं तिचं. देबेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी त्याच सुमारास हिमालयात उंचावर फोटोच्या काचा ठेवून वैश्विक किरणांचा अभ्यास केला, आणि बिभाताई पुढे भाभांच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत, मुंबईला आल्या. आईने हे वर्षानुवर्षं नववी-दहावीच्या पोरांना पुस्तकाबाहेरचं म्हणून सांगितलं होतं. ती त्या कुटीच्या भिंतीला हात लावून उभी राहिली. मी तिचा फोटो काढला. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही. एका मास्तरणीला यापेक्षा दुसरं काय दाखवायचं असतं? पिवळ्या चोचीचे, तांबड्या पायांचे डोंगरकावळे आमच्या डोक्यावरून गरगरत होते, वाऱ्यात पंख न हलवता.

उतरताना आल्पेनझूला थांबलो. फक्त आल्प्समधलेच प्राणी ठेवलेलं हे प्राणिसंग्रहालय हुंगरबुर्गबानच्याच वाटेवर आहे. आल्प्समधून नामशेष झालेलं दाढीधारी गिधाड पुन्हा वसवण्यासाठी बंदिवासात पिल्लं वाढवायच्या कामात याचा मोठा वाटा होता. 1986 पासून ती आल्प्समध्ये सोडायला सुरुवात झाली आणि आज ती पुन्हा तिथे घरटी करतात. हाडं खाणारा हा पक्षी हिमालयातही आहे. आवारात चढ-उतार बरेच आहेत, त्यामुळे आम्ही एवढंच एक बघून बाकावर बसलो. गुडघ्याचा त्रास असेल तर इथे फार हिंडू नये.

जेवणाचं सांगते, कारण शाकाहारी माणसाला तिथे जपून राहावं लागतं. आई अंडं खाते, मांस-मासे नाही. चीज आणि शिळ्या पावाचे चपटे तळलेले गोळे मिळतात, कासप्रेसक्नोडेल. ते बहुतेक ठिकाणी सूपमध्ये घालून देतात आणि ते सूप गोमांसाचं असतं. न विचारता घेऊ नका. सॅलडसोबत मागितले की कोरडे देतात. आईला सगळ्यात आवडले ते श्लुत्झक्राफ्फन, करंजीसारखे मुडपलेले, आत पालक आणि घट्ट दह्यासारखं चीज, वरून तापवलेलं लोणी. शेवटी कायझरश्मार्न, म्हणजे जाड गोड धिरडं फाडून केलेले तुकडे, सोबत शिजवलेली आलुबुखारं. एका ताटात दोघींचं भागतं.

रविवारी सकाळी खिडकी उघडली तर ऑक्टोबरातली हवा अंगाला ऊबदार लागली. फ्योन आला होता. ब्रेनर खिंडीकडून, दक्षिणेकडून येणारा हा वारा. आल्प्सच्या पलीकडे चढताना तो पाऊस पाडून मोकळा होतो, मग कोरडा होऊन अलीकडे उतरतो, आणि कोरडी हवा खाली उतरते तेव्हा दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने तापते. आई लगेच म्हणाली, "महाबळेश्वर ओतून घेतं आणि माण-खटाव कोरडं राहतं, त्यातलाच प्रकार." फ्योनमध्ये हवा इतकी स्वच्छ होते की डोंगर हात लावावा इतका जवळ दिसतो. पण माथ्यावर वादळ असतं. रोपवे हुंगरबुर्गच्या वर बंद असल्याचा फलक लागला होता. घरमालकीण आजी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. फ्योन आला की डोकं दुखतं म्हणाल्या. इथे अनेकांची ही तक्रार असते.

मग आम्ही होफकिर्खे या चर्चमध्ये गेलो. सम्राट मॅक्सिमिलियनची स्मारक-समाधी इथे आहे. मधोमध संगमरवरी चौथरा, त्यावर गुडघे टेकलेला सम्राट, आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीहून मोठे 28 ब्राँझचे पुतळे. त्याचे पूर्वज, नातलग, आणि ज्यांच्याशी नातं जोडावंसं वाटलं असे राजा आर्थरसारखे वीर. राण्याही आहेत. आई प्रत्येकीच्या पुतळ्यापुढे थांबून पदराची नक्षी, कमरपट्टा, वेण्या बघत होती. ब्राँझमध्ये ओतलेल्या जरीचा टाकान्‌टाका दिसतो. आणि समाधी रिकामी आहे. मॅक्सिमिलियन 1519 ला वारला तो वेल्स गावात, आणि त्याला पुरलं वीनर नॉयश्टाटला. असं सांगतात की त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तो इन्सब्रुकला आला, तेव्हा जुनी बिलं थकल्यामुळे इथल्या खानावळवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला ठेवून घ्यायला नकार दिला होता. त्याच्याच हौसेचं सोनेरी छत जुन्या शहरात आहे, मुलामा दिलेल्या 2,657 तांब्याच्या कौलांचं. ते आम्ही शनिवारी जाता-येता पाहिलं. सज्जा लहानसा आहे, सकाळच्या उन्हात पाहावा. होफकिर्खेला मात्र दीड तास तरी ठेवा.

याच चर्चमध्ये आंद्रेआस होफरची कबर आहे. खानावळ चालवणारा माणूस, 1809 मध्ये नेपोलियन आणि बव्हेरियाच्या फौजांविरुद्ध इथल्या तिरोल प्रांतातल्या शेतकऱ्यांना घेऊन लढला. 1810 ला मांटुआत त्याला गोळ्या घातल्या. लढाया झाल्या ती बेर्गइझेल टेकडी शहराच्या दक्षिणेला, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ. दुपारी तिकडे गेलो. ट्रामपासून थोडा चढ आहे, आईने तो थांबत-थांबत काढला, पुढे मनोऱ्यात लिफ्ट आहे. आज टेकडीवर स्की-उडीची धावपट्टी आहे, 2002 सालची, तीही हदीद यांचीच. माथ्यावरून खेळाडू झेप घेतो तेव्हा त्याला समोर विल्टनची दफनभूमी दिसते. आईला ते मुळीच रुचलं नाही, आणि मलाही.

इथे दोन ऑलिंपिक ज्योतींची कुंडं आहेत. 1964 आणि 1976. पहिल्या खेपेला बर्फच पडला नव्हता, सैन्याने वरच्या डोंगरांतून बर्फ खाली वाहून आणला. दुसरी खेप अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या लोकांनी मतदानाने डेन्व्हरच्या यजमानपदाचा खर्च नाकारल्यामुळे इकडे आली. आणि भारताने हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं ते याच गावात, 1964 ला: पोलिश वंशाचे जेरेमी बुयाकोव्स्की, आपला एकटा खेळाडू, समोरच्या पाटशेरकोफेलच्या उतारावर. शर्यत त्यांना पुरी करता आली नाही. हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं आणि ते ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

परतताना कुफश्टाइनमार्गे न येता मिटेनवाल्डची गाडी धरली. 1912 ची ही रेल्वे इन्सब्रुकहून निघून मार्टिन्सवांड कड्याच्या पोटातून बोगद्याने वर चढते आणि सहाशे मीटर उंची कमावून झेफेल्डला पोचते. वेळ जास्त लागतो, पण इन्सब्रुकहून चढताना डावीकडची खिडकी मिळाली तर अर्धा तास सगळं खोरं खाली पसरलेलं दिसतं.

कुणाला आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर 48 तासांचं इन्सब्रुक कार्ड घ्या. माथ्यापर्यंतची एक फेरी, शहरातल्या ट्राम-बस, होफकिर्खे, बेर्गइझेल सगळं त्यात येतं. रविवारी दुकानं बंद असतात, फळं-बिस्किटं शनिवारीच घेऊन ठेवा. नोव्हेंबर टाळा, त्या दिवसांत रोपवेची देखभाल चालते. उन्हाळ्यातही स्वेटर बरोबर असू द्या. आणि वर जायचा दिवस आधीपासून पक्का करू नका. जिथे उतराल तिथल्या माणसांना आदल्या संध्याकाळी विचारा. आईने पुढच्या वेळचं ठरवून ठेवलंय: सहा नंबरच्या ट्रामने जंगलातून इग्ल्सला जायचं आणि तिथून पाटशेरकोफेलला. मी मे महिन्यातली तिकिटं बघते आहे.